अपील चालू असताना रिस्पॉन्डंट वारला, तर तीन अर्ज कशाला?

खानापूरच्या वाटणीच्या दाव्यातलं तुमचं दुसरं अपील कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात आहे, चारपैकी एक रिस्पॉन्डंट (ज्यांच्याविरुद्ध अपील आहे ते) आठ महिन्यांपूर्वी वारले आणि वकील तीन अर्जांवर सह्या मागतायत. वकील बरोबर सांगतायत, सह्या लांबवू नका.

वारस लावायची, म्हणजे मयताच्या जागी त्यांचे वारस अपिलात आणायची मुदत 90 दिवस, तीही मृत्यूच्या तारखेपासून; तुम्हाला कळलं तेव्हापासून नव्हे. ती टळली की कोर्टानं ऑर्डर न करताही त्या रिस्पॉन्डंटपुरतं अपील अबेट होतं, म्हणजे आपोआप संपतं. अबेटमेंट उठवायला पुढचे 60 दिवस. तुमचे तेही गेले. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 22 नियम 4 खाली वारस लावायचा अर्ज, नियम 9 खाली अबेटमेंट रद्द करायचा, आणि मुदत कायदा कलम 5 खाली उशीर माफीचा. वाटणीत हिस्से एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे एकापायी अख्खं अपील जाऊ शकतं.

मात्र मयताची बायको किंवा मुलगा आधीपासूनच रिस्पॉन्डंट आहे का, ते आधी वकिलांना सांगा. एक जरी वारस रेकॉर्डवर असला तर सहसा अबेटमेंट होत नाही, तशी नोंद करून घेता येते.

सगळी मदार उशीर माफीच्या अफिडेव्हिटवर. हायकोर्टात अपील वर्षानुवर्षं पडून असतं, तेवढ्या काळात अपीलवाल्यानं समोरचा हयात आहे का ते सारखं बघत राहावं अशी अपेक्षा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 च्या पेरुमोन भगवती देवस्वम निकालात म्हटलंय. पण मयत तुमच्याच भावकीतले, तुम्ही मातीला गेलेले, आणि अफिडेव्हिटात 'मृत्यूची माहिती नव्हती' असं असेल तर सही करू नका. समोरचा वकील नेमकं तेच धरतो, आणि मग बाकीच्या खऱ्या कारणावरही विश्वास राहत नाही. वारस लावावे लागतात हे माहीत नव्हतं, वकिलांना अमुक तारखेला सांगितलं, असं घडलं तेच तारखेनिशी लिहा.

सोबत मृत्यूचा दाखला, वंशावळ, प्रत्येक वारसाचं नाव, वय, पूर्ण पत्ता. चंदगड-गडहिंग्लजकडे दिलेल्या मुली हमखास सुटतात. त्याही वारस आहेत. पत्ता अर्धवट असला की नोटीस परत येते आणि महिने जातात. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा, नाहीतर अर्ज ऑफिस ऑब्जेक्शनमध्ये, म्हणजे कोर्टाच्या ऑफिसनं काढलेल्या त्रुटीत अडकतो.

स्टेचं, म्हणजे खालच्या कोर्टाच्या निकालाच्या अंमलबजावणीला स्थगितीचं थोडक्यात: अपील दाखल आहे म्हणजे स्टे आहे असं नव्हे, आदेश 41 नियम 5 खाली वेगळी ऑर्डर लागते. ती मिळाली असेल तर पुढच्या तारखेपुरतीच आहे का, ते ऑर्डर काढून वाचा.