गाडीत राहायचंय? आधी बॅटरी, मग गॅस

सोलर, लिथियम, मोठा इन्व्हर्टर ही यादी तूर्त बाजूला ठेवा. पहिल्या फेरीत दोनच गोष्टी सांभाळा.

बॅटरी: पंखा-दिव्यांसाठी वेगळी ठेवलेली बॅटरी साधी लेड-अ‍ॅसिड १०० अँपिअर-तासाची असेल तर हाती ५०च धरा, सारखी त्याखाली नेलीत तर लवकर मरते. इंजिनाच्या बॅटरीला हात लावू नका. गोव्यात आगोंदला मी रात्रभर पंखा तिच्यावरच चालवला, सकाळी गाडी ढिम्म! पॅनेल असेल तर माडाखाली लावायचा मोहही आवरा. एका झावळीची सावलीसुद्धा बरीच वीज खाते, शिवाय वरून नारळ. इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन नकोच, चहा गॅसवर.

गॅस:
- ५ किलोचा सिलिंडर दोघांना आठवडाभर सहज पुरतो. उभाच ठेवा, पट्ट्याने बांधा.
- एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. झरोका जमिनीलगत हवा; नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही.
- जोडणीवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की गळती. काडी ओढून बघणारे अजून भेटतात, काय बोलायचं!
- खाऱ्या हवेत गॅसच्या नळीच्या क्लिपा गंजतात, अधूनमधून बघा.

झोपताना कॉक सिलिंडरचाही बंद करा, नुसता शेगडीचा नव्हे. पहिल्या दोन रात्री घराच्या अंगणातच काढा. काय विसरलं ते तिथेच कळतं.