कार्यक्रमाचा साऊंड ठरवताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आमच्या सोसायटीत गणेशोत्सवात तीन संध्याकाळी कार्यक्रम असतात : मुलांचे नाच, कराओके आणि एक व्याख्यान. पार्किंगच्या मोकळ्या जागेत अडीचशे खुर्च्या बसतात. दोन साऊंडवाल्यांची कोटेशनं आली आहेत. एकाने नुसतं ‘15,000 वॅट साऊंड, माईकसह’ असं लिहिलंय. दुसऱ्याने चार टॉप (मुख्य स्पीकर), दोन बेस (खर्जाच्या आवाजाचे स्पीकर), मिक्सर, माईक अशी यादी दिली आहे, पण तो महाग आहे. कोणाला सांगावं? (एक वाचक, चिंचवड)

यादी देणाऱ्याला. वॅटच्या आकड्यावरून आवाजाचा अंदाज बांधता येत नाही. एकाच स्पीकरचे तीन आकडे सांगता येतात : सलग चालणारा 500 वॅट असेल तर ‘प्रोग्रॅम’ 1000 आणि ‘पीक’ 2000. म्हणजे 15,000 मधले खरे 4,000 सुद्धा नसतील. शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, कानाला तो थोडासाच मोठा वाटतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे वॅटवरून घासाघीस करण्यात अर्थ नाही.

दुसऱ्याच्या यादीत मात्र एक बदल करून घ्या. अडीचशे माणसांना चार टॉप लागत नाहीत. एका बाजूला दोन टॉप शेजारी-शेजारी उभे केले की दोघांचा आवाज काही खुर्च्यांवर एकमेकांना मारतो आणि शब्द पुसट होतात. स्टेजच्या दोन्ही बाजूंना एकेक 15 इंची टॉप पुरतो. तो उंच स्टँडवर असा लावावा की त्याचं तोंड बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून, साधारण 7 फुटांवर राहील. उरलेले दोन टॉप स्टेजवर मॉनिटर म्हणून, म्हणजे कलाकाराकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर म्हणून घ्या. कराओके गाणाऱ्याला ट्रॅक ऐकू आला नाही तर तो बेसूर होतो, आणि आपण उगाच त्याच्या गळ्याला दोष देतो.

कोटेशनमध्ये या गोष्टी लेखी असाव्यात : कॉर्डलेस माईक किती आणि वायरचे किती (चार आणि चार पुरतील), जादा माईक एक तरी, माईक स्टँड, लॅपटॉप जोडायला डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायचा छोटा डबा, घूं असा आवाज टाळणारा), गाडीभाडं आणि हमाली कोणाची, रात्री उशीर झाला तर जादा आकार किती, जीएसटी धरून की वेगळा. तो 18 टक्के असतो आणि बिलाच्या दिवशी कळला की वाद होतात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ऑपरेटर कोण आणि तो किती वाजता येणार. सहाच्या कार्यक्रमाला सामान साडेतीनला उतरलं पाहिजे, पाचला साऊंड चेक संपला पाहिजे. सामान लावून मालक निघून गेला आणि मिक्सरवर हमालीसाठी आलेला मुलगा बसला, तर महागातलं मिक्सरही उपयोगी पडत नाही. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चांगल्या ऑपरेटरसाठी द्या, स्पीकर कमी घ्या.

गणपतीत पाऊस हमखास येतो. मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर मंडपाच्या मध्यावर ठेवा, कडेला नको. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न ठेवता विटेवर किंवा खुर्चीवर ठेवा आणि मंडपाची लाईन ईएलसीबीमधून (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचमधून) आलेली आहे ना, हे सोसायटीच्या वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून लोखंडी माईक धरणाऱ्या मुलासाठी हे लिहितो आहोत. यात तडजोड नको.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी पुढचे पालक कान झाकतात आणि मागच्यांना निवेदन कळत नाही. मैदान लांबीला 40 मीटर आहे. आणखी मोठे स्पीकर मागवावेत का? (एक शिक्षिका, सातारा)

मोठे नकोत. मध्ये आणखी एक जोडी हवी. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून 5 मीटरवर बसलेल्याला 95 डेसिबल ऐकू येत असतील, तर 10 मीटरवर 89, 20 वर 83 आणि 40 वर 77. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या रांगेत 18 डेसिबलचा फरक. स्टेजवरचे स्पीकर वाढवले तर दोन्हीकडे सारखेच वाढतात, पुढच्यांचे कान मात्र आणखी दुखतात.

स्टेजपासून 20 मीटरवर दोन्ही कडांना एकेक टॉप स्टँडवर लावा, तोंड मागच्या रांगांकडे. पण ते नुसते जोडले तर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल : तारेतून आलेला लगेच, स्टेजवरून हवेतून आलेला नंतर. आवाज एका मिलीसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे 20 मीटरला 58 मिलीसेकंद. मधल्या जोडीला तेवढा डिले (आवाज मुद्दाम उशिरा सोडणं) द्यायचा आणि वर 10-12 मिलीसेकंद, म्हणजे एकूण 70 च्या आसपास. त्या वरच्या दहा-बाराने कानाला आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो, शेजारच्या खांबावरून नाही. आजकालच्या बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते. साऊंडवाल्याला फोनवरच विचारा : “मधल्या जोडीला डिले देता येईल ना?” तो गोंधळला तर दुसरा पाहा.

निवेदन न कळण्याचं दुसरं कारण स्टेजवरच असतं. मुलं माईकची जाळी मुठीत धरतात. जाळी झाकली की माईक सगळ्या बाजूंचा आवाज ओढायला लागतो, शिट्टी वाजते, आणि ऑपरेटर नाइलाजाने माईक कमी करतो. माईक दांड्याने धरायचा आणि तोंडापासून तीन-चार बोटांवर ठेवायचा, एवढं तालमीत शिकवा. शक्य असेल तर निवेदनाचा एक वायरचा माईक पोडियमवर कायम ठेवा.

गाण्यांबद्दल न विचारताही सांगायला हवं, कारण संमेलनात सर्वांत जास्त खोळंबा तिथेच होतो. प्रत्येक वर्गशिक्षिका ऐन वेळी आपला मोबाईल घेऊन येते. त्यापेक्षा आठवडाभर आधी सगळी गाणी एका लॅपटॉपवर, एका फोल्डरमध्ये, 01, 02 असे आकडे घालून ठेवा. फाईलच्या नावात वर्ग लिहा : ‘07_चौथी_ब’. नाच जिथून सुरू होतो तिथून गाणं कापून ठेवा, ‘एक मिनिट वीस सेकंदापासून लावा’ असं ऑपरेटरला सांगू नका. त्याच फोल्डरची पेन ड्राइव्हवर एक प्रत. लॅपटॉपचं इंटरनेट बंद करा, नोटिफिकेशन बंद करा, स्क्रीन झोपणार नाही अशी सेटिंग करा. लॅपटॉप जोडल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष चार्जरच्या अर्थिंगमध्ये आहे आणि डीआय बॉक्सने तो सुटतो.

प्रश्न : आमचं मंडळ तीनशे खुर्च्यांच्या बंदिस्त हॉलमध्ये शास्त्रीय गायनाची मैफल ठेवतं. दर वेळी गायक ‘मॉनिटर वाढवा’ म्हणतात आणि वाढवला की शिट्टी वाजते. माईक जास्त घेतले तर उपयोग होईल का? (एक वाचक, बेळगाव)

उलट होईल. चालू माईक दुप्पट झाले की शिट्टीआधी मिळणारा आवाज 3 डेसिबलने कमी होतो. मैफलीला गळ्याला एक, तबल्याला दोन (दायां आणि डग्गा), हार्मोनियमला एक, दोन तानपुऱ्यांत मिळून एक, एवढे पाच पुरतात. सूत्रसंचालकाचा सहावा, आणि तो निवेदन संपलं की बंद.

आता मॉनिटरची जागा. गायकाचा माईक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) असेल तर त्याला सर्वांत कमी ऐकू येतं ते बरोबर पाठीमागून, म्हणून मॉनिटर माईकच्या थेट मागे, गायकाच्या समोर ठेवायचा. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद टप्प्यातला आवाज घेणारा) असेल तर पाठीमागून थोडं ऐकू येतं आणि माईकच्या तोंडापासून साधारण 125 अंशांवर सर्वांत कमी. तिथे मॉनिटर समोर न ठेवता तिरपा, डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात ठेवायचा. बरेच ऑपरेटर माईक कोणता आहे हे न पाहता मॉनिटर नेहमीच्याच जागी टाकतात आणि मग संध्याकाळभर शिट्टीशी झगडतात.

दुसरं, मॉनिटरमध्ये काय सोडायचं ते गायकाला विचारा. बहुतेकांना तानपुरा आणि स्वतःचा गळा हवा असतो, तबला शेजारीच वाजतो म्हणून नको असतो. ‘मॉनिटर वाढवा’ याचा अर्थ पुष्कळदा ‘तानपुरा ऐकू येत नाही’ एवढाच असतो. तो वाढवा, गळा नको.

शिट्टी आधीच काढून टाकण्याची रीत अशी : कलाकार यायच्या आधी हॉल शांत असताना गळ्याच्या माईकचा मॉनिटर हळूहळू वाढवत न्यायचा. पहिली शिट्टी ज्या फ्रिक्वेन्सीवर येते ती इक्वलायझरवर (आवाजातल्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करण्याच्या सोयीवर) अरुंद पट्ट्याने 3-4 डेसिबल कापायची. मग पुन्हा वाढवायचं, दुसरी कापायची. तीन-चारवर थांबायचं. त्यापुढे कापत गेलं की गळा डब्यातून आल्यासारखा होतो, आणि ख्याल ऐकायला आलेल्या श्रोत्याला ते फार खुपतं. शेवटी मॉनिटर 6 डेसिबल खाली आणून ठेवायचा.

गळ्याच्या चॅनेलला 80 ते 100 हर्ट्‌झच्या खालचा भाग कापायला सांगा, म्हणजे स्टेजवरची धडधड जाते. डग्ग्याला मात्र हे करू नका, त्याचा घुमारा तिथेच असतो. हार्मोनियमचा माईक भात्याकडे नको, हवा आणि भात्याची खटखट येते. वरच्या बाजूने, वीतभर अंतरावरून. तानपुरा मोबाईलवरचा असेल तर तो डीआय बॉक्समधून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. साऊंड चेकला अर्धा तास द्या, आणि तेवढा वेळ श्रोत्यांना बाहेरच थांबवा. वाद्यं जुळवताना हॉलमध्ये खुर्च्या सरकत असतील तर सूर लागत नाही.

प्रश्न : आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला फोटोंची फिल्म दाखवायची आहे. प्रोजेक्टर घ्यावा की एलईडी वॉल? कार्यक्रम सकाळी 11 ला, हॉलला मोठ्या खिडक्या आहेत. (एक वाचक, डोंबिवली)

खिडक्यांना जाड पडदे नसतील तर एलईडी वॉल. प्रोजेक्टर काळा रंग दाखवू शकत नाही, पडद्यावर जेवढा उजेड पडलेला असतो तोच त्याचा काळा. जुने फोटो मुळातच फिके असतात, उन्हाच्या उजेडात ते दिसणारच नाहीत. पडदे असतील, तर 10-12 फुटी पडद्याला 5000 ल्युमेनचा (ल्युमेन हे उजेडाचं माप) प्रोजेक्टर चालेल आणि भाडंही बरंच कमी पडेल.

वॉल घेताना पिच, म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, विचारा. 3.9 मिलिमीटर पिच असेल तर पहिली रांग किमान 4 मीटरवर हवी, नाहीतर ठिपके दिसतात. अर्ध्या मीटरची 7 आडवी आणि 5 उभी पॅनेल लावली की साधारण 11.5 बाय 8 फुटांची वॉल होते, आणि तिचे एकूण ठिपके 896 बाय 640. म्हणून फिल्ममधली नावं आणि तारखा मोठ्या अक्षरांत लिहा, बारीक अक्षर तिच्यावर वाचता येत नाही. एवढी वॉल पूर्ण पांढरी पेटली तर 5-6 किलोवॅट ओढू शकते. 16 अँपिअरच्या एका सॉकेटमधून जास्तीत जास्त साडेतीन-पावणेचार किलोवॅट मिळतात, तेव्हा हॉलच्या मॅनेजरकडे वेगळ्या लाईनची आधीच चौकशी करा. साऊंड आणि वॉल एकाच फेजवर नको.

लॅपटॉप वॉलपासून लांब असेल तर साधी एचडीएमआय केबल 10-15 मीटरच्या पुढे भरवशाची नाही, चित्र मध्येच जातं. कॅट-6 केबलवर चालणारा एक्स्टेंडर मागवा. आणि फिल्मचा आवाज साऊंडवाल्याकडे कोण पोचवणार हे ठरवून टाका. वॉलवाला आणि साऊंडवाला वेगळे असले की चित्र चालू होतं आणि आवाज येत नाही, कारण ती एक केबल आणायचं काम दोघांनीही दुसऱ्याचं समजलेलं असतं.

प्रश्न : बंदिस्त हॉल असेल तर रात्री दहानंतर साऊंड चालतो का? (एक वाचक, नाशिक)

ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकरला बंदी आहे. सभागृह, बँक्वेट हॉल यांसारख्या बंदिस्त जागांत आतल्या आत वापरायला सूट आहे. दारं उघडी टाकून किंवा लॉनवर स्पीकर ठेवून ती सूट मिळत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्यापेक्षा 5 डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र असू शकतो. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. तुमची तारीख त्या यादीत आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारा आणि लाऊडस्पीकरची परवानगी लेखी घ्या. तिची एक प्रत मिक्सरजवळ ठेवा, कारण विचारायला येणारे पोलीस सर्वांत आधी ऑपरेटरपाशीच येतात.