एआय युजर स्टोऱ्या लिहितं, मग बीएने करायचं काय?

हिंजवडीतल्या एका कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट (बीए, म्हणजे सॉफ्टवेअरकडून नेमकं काय हवं ते शोधून टीमला लिहून देणारी) असलेली एकजण गेल्या पावसाळ्यात नोकरीचा सल्ला मागायला माझ्याकडे आली (ओळख पटेल असं सगळं बदललंय), वय 38, विम्याच्या प्रोजेक्टवर 11 वर्षं. आल्या आल्या म्हणाली, मॅडम, ज्या युजर स्टोऱ्यांना (वापरणाऱ्याला काय हवं ते सांगणाऱ्या छोट्या नोंदींना) मला दोन दिवस लागायचे त्या एआय पाच मिनिटांत देतं, मॅनेजर म्हणतो टीमला एकच बीए पुरे, घराचे हप्ते चालू आहेत, रात्री दोनला जाग येते ती येतेच. मी पायथनचा, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा, कोर्स लावू का?

हा प्रश्न घेऊन हल्ली खूप जण येतात. मी तिला कोर्सचे पैसे भरायचे थांबवलं आणि एवढंच विचारलं, गेल्या काही महिन्यांत तू काहीतरी विचारलंस आणि त्यामुळे काम बदललं असं कधी झालं का? आधी नाहीच म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "तसं एकदा झालं होतं, पण ते किरकोळ आहे."

ते किरकोळ म्हणजे काय, तर यूपीआय ऑटोपेने, म्हणजे खात्यातून आपोआप, प्रीमियम कापायचा होता. पैसे कापायच्या निदान 24 तास आधी ग्राहकाला कळवायचं हा रिझर्व्ह बँकेचा नियम, आणि एआयने लिहिलेल्या स्टोरीत तो होता, रक्कम, तारीख, नको असेल तर नकार द्यायची सोय, सगळं बरोबर. पण ही बाई त्याआधी अर्धा दिवस कॉल सेंटरला हेडफोन लावून बसली होती. एक आजोबा सांगत होते, मला विमा कंपनीचा मेसेजच आला नाही. येणार कुठून, पॉलिसीवर नंबर एजंटचा! तिने डेटावाल्याच्या मागे लागून एकाच नंबरवर किती पॉलिसी आहेत ते काढून घेतलं, यादी लांबलचक निघाली. मग आधी नंबर तपासायचा आणि मगच ऑटोपे, असं ठरलं.

अगं, हेच तर तुझं काम! बीएंच्या बॅबॉक गाइड या मार्गदर्शक पुस्तकाच्या 2015 च्या आवृत्तीत 50 तंत्रं दिलीत, युजर स्टोरी त्यातलं फक्त एक. गरज नेमकी काय आहे ते शोधणं हा गाभा, जाडजूड बीआरडीच्या (सगळ्या गरजा लिहिलेल्या दस्तऐवजाच्या) काळातही तोच होता.

पण खोटा धीर मी दिला नाही. नुसती मीटिंगची मिनिट्स आणि टेम्प्लेट भरणाऱ्यांचं काम कमी होणार, हे तिला स्पष्ट सांगितलं. म्हणून ठरलं असं की एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकायचं, निदान मोजदादीसाठी कुणाच्या मागे लागावं लागू नये इतकं, एआयकडून पहिला मसुदा खुशाल घ्यायचा, आणि महिन्यातून एक दिवस कॉल ऐकायला बसायचंच.

तिसऱ्या भेटीला रेझ्युमे घेऊन आली. "बीआरडी व युजर स्टोरी लेखनाचा 11 वर्षांचा अनुभव" ही पहिली ओळ पेनाने खोडली होती आणि तिथे त्या एजंटच्या नंबरांची गोष्ट दोन ओळींत लिहिली होती. मॅनेजरचं अजून काही ठरलेलं नाही. झोप मात्र आता पाचपर्यंत लागते म्हणाली.