पाठीतली तार: आठवडाभराच्या चाचणीतून काय कळतं, काय नाही

पाठीच्या कण्यात बारीक तार सरकवून विजेच्या सौम्य स्पंदांनी जुनाट वेदना दाबायची, या उपचाराला स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन म्हणतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख कायमचं यंत्र बसवण्याआधीच्या चाचणीवर, म्हणजे 'ट्रायल'वर आहे. म्हणून या वेळी तेवढंच.

कमरेच्या गादीचं ऑपरेशन दोनदा झालं. तरी उजव्या पोटरीपासून अंगठ्यापर्यंत जळजळ आणि चमका चार वर्षं आहेत. प्रेगाबालिन (मज्जातंतूच्या वेदनेवरचं औषध) चालू आहे. पेन क्लिनिकमध्ये ट्रायल सुचवली. हे पुन्हा ऑपरेशनच का? (एक वाचक, सांगली)

नेहमीच्या अर्थानं नाही. हाड कापत नाहीत, पूर्ण भूल देत नाहीत. तुम्हाला पालथं झोपवून पोटाखाली उशी देतात, म्हणजे मणक्यांमधल्या फटी थोड्या उघडतात. कातडी बधिर करून सी-आर्मच्या एक्स-रेखाली १४ गेजची वाकड्या टोकाची टूही सुई तिरकी घालतात, बहुधा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास. सुई एपिड्यूरल पोकळीत, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत, पोचली की सिरिंजच्या दट्ट्याला जाणवणारा विरोध एकदम जातो. त्या सुईतून तार, म्हणजे लीड, वर सरकवतात. तिच्यावर साधारण आठ छोटे संपर्कबिंदू असतात. कंबर-पायाच्या दुखण्यासाठी तिचं टोक छातीच्या आठव्या-नवव्या मणक्यापाशी आणतात, हाताच्या दुखण्यासाठी मानेत. बऱ्याचदा दोन लीड घालतात.

मग तुम्हाला जागं ठेवून विचारतात, "मुंग्या कुठे येतायत?" गुंगीचं औषध बेताचंच देतात ते याचसाठी. मुंग्यांनी दुखरा भाग झाकला पाहिजे. बरगडीभोवती पट्ट्यासारखी झिणझिण आली तर लीड मध्यरेषेवरून बाजूला, मज्जातंतूच्या मुळाकडे गेली आहे असं समजून ती सरळ करतात. नव्या दहा हजार हर्ट्झच्या पद्धतीत मुंग्या येतच नाहीत, तिथे लीड एक्स-रेवर मणके मोजून ठेवतात. शेवटी लीड टाक्यानं आणि चिकटपट्टीनं पक्की करून बाहेरच्या छोट्या स्टिम्युलेटरला जोडतात आणि तुम्ही घरी जाता. पाच ते सात दिवसांनी टाका कापून लीड ओढून काढतात, त्याला काही मिनिटं लागतात.

तुमची तक्रार, म्हणजे पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली पायातली मज्जातंतूची वेदना, या उपचाराच्या सर्वांत जुन्या विषयांपैकी आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोसेस' अभ्यासात अशा १०० रुग्णांपैकी यंत्र मिळालेल्या गटात सहा महिन्यांनी ४८ टक्के जणांची पायाची वेदना निम्मी किंवा त्याहून कमी झाली. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हेच प्रमाण ९ टक्के होतं. गुडघ्याची झीज किंवा उठता-वाकताना मणका हलल्यानं दुखणारी कंबर असेल तर चाचणीच्या वाटेला जाऊ नये. एमआरआयमध्ये मज्जातंतू अजून दाबलेला दिसत असेल तर आधी त्याचं बघावं. छातीच्या मणक्यांचाही एमआरआय काढला आहे ना, हे विचारा. लीड जिथे बसणार तिथेच मणक्यांमधली मज्जारज्जूची नळी अरुंद असेल तर धोका वाढतो, आणि फक्त कमरेचा एमआरआय पाहून ते कळत नाही.

बाबांचं दुखणं चाचणीत दहापैकी ८ वरून ५ वर आलं. डॉक्टर म्हणतात आराम कमी पडला, ५० टक्के हवा; बाबा म्हणतात बसवूनच टाका. '५० टक्के' म्हणजे नक्की काय? (एक वाचक, नाशिक)

आठाचे चार झाले तर ५० टक्के. आठाचे पाच म्हणजे साडेसदतीस टक्के. रूढ निकष ५० टक्क्यांचा आहे. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शनातही यंत्राआधी यशस्वी चाचणी ही अट आहे, आणि त्याआधी किमान सहा महिने नेहमीचे उपचार करूनही वेदना १०० पैकी किमान ५० राहिलेली असावी असं त्यात म्हटलं आहे.

पण हा आकडा आला कुठून, ते तपासा. डिस्चार्जच्या दिवशी ओपीडीत "आता किती?" असं विचारून मिळालेला आकडा कच्चा असतो. चाचणीच्या आधी किमान एक आठवडा आणि चाचणीचे सगळे दिवस वहीत नोंद हवी: सकाळ, दुपार, रात्र, पाय वेगळा, कंबर वेगळी. शेजारी तीन रकाने आणखी: न थांबता किती मिनिटं चाललो, रात्री किती तास झोपलो, 'गरज पडली तर' म्हणून दिलेल्या गोळ्या किती घेतल्या. नेहमीची औषधं चाचणीत बदलू नयेत. पहिल्या दोन दिवसांचे आकडे बाजूला ठेवावेत, कारण सुईच्या जखमेचं दुखणं त्यात मिसळलेलं असतं.

बाबांचा पाय आठाचा तीन आणि कंबर आठाची सात झाली असेल, तर सरासरी पाचच येते. तशी दोन दुखणी असतील आणि त्यांना खरा त्रास पायाचा असेल, तर डॉक्टरांशी पुन्हा बोलण्यासारखं आहे. उलट आकडा खाली येऊनही चालणं दहा मिनिटांचं दहाच राहिलं असेल, तर आम्ही घाई करणार नाही. एका प्रोग्रामवर उपयोग झाला नाही म्हणून दुसरा लावून पाहिला का, हेही विचारा. पारंपरिक पद्धत ४० ते ६० हर्ट्झची असते. बर्स्ट (स्पंद झुबक्या-झुबक्यांनी सोडणारी) आणि दहा हजार हर्ट्झच्या पद्धती वेगळ्या. मात्र कंपनीप्रमाणे यंत्रात कोणती पद्धत मिळते ते बदलतं.

हे सगळं मनाचे खेळ आहेत, नॉर्वेतल्या अभ्यासात सिद्ध झालंय, असं वाचलं. मग चाचणी कशाला? (एक वाचक, पुणे)

अभ्यास खरा आहे. ट्रॉन्डहाइमच्या सेंट ओलाव्ह रुग्णालयात चाचणीत उत्तीर्ण झालेल्या ५० जणांना यंत्र बसवलं. मग प्रत्येकाला तीन-तीन महिन्यांचे चार टप्पे दिले, दोन बर्स्ट चालू असलेले, दोन बंद. चालू की बंद हे रुग्णाला कळत नव्हतं. २०२२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. दैनंदिन अक्षमतेचा गुणांक चालू असताना १०.६ नं सुधारला आणि बंद असताना ९.३ नं. फरक नगण्य. टीकाकारांचं म्हणणं असं की पात्रता मुंग्यांच्या जुन्या पद्धतीनं ठरवली आणि तपासली बर्स्ट पद्धत. मुद्दा रास्त आहे, पण त्यानं निकाल पुसला जात नाही. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानंही (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा), १३ अभ्यास आणि ६९९ रुग्ण पाहून, कंबरदुखीसाठी या उपचाराचे टिकाऊ फायदे धोक्यांहून आणि खर्चाहून जास्त असण्याची शक्यता कमी असल्याचं म्हटलं.

यातून चाचणीबद्दल निघणारा अर्थ उपचाराबद्दलच्या अर्थाहून वेगळा आहे. आशा, लक्ष देणारे डॉक्टर, नवं यंत्र, यांचा परिणाम आठवडाभर सहज टिकतो, त्यामुळे 'पास' होणं सोपं आहे. इंग्लंडच्या 'ट्रायल-स्टिम' अभ्यासात १०५ रुग्णांपैकी काहींना चाचणी करून आणि काहींना चाचणीविना यंत्र दिलं. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच होते. तिथे चाचणीची संवेदनक्षमता १०० टक्के आणि विशिष्टता ८ टक्के आली. म्हणजे पुढे ज्यांना फायदा झाला ते सगळे चाचणीत पास झाले होते, पण ज्यांना झाला नाही त्यांतलेही बहुतेक पास झाले होते. अभ्यास लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे: नापास निकाल गंभीरपणे घ्यावा, पास निकालावर विसंबून राहू नये. तरी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२० मध्ये, कायमच्या यंत्राआधी चाचणी कराच, असं डॉक्टरांना बजावलं. आम्हालाही ते पटतं. निरुपयोगी यंत्रापेक्षा आठवडा वाया गेलेला परवडला.

मनाचा वाटा थोडा वेगळा काढायचा असेल तर एक दिवस यंत्र बंद ठेवून नोंद घ्यावी, डॉक्टरांना विचारूनच. मुंग्यांच्या पद्धतीत वेदना बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत परतते. दहा हजार हर्ट्झमध्ये परिणाम यायलाही आणि ओसरायलाही एक-दोन दिवस लागू शकतात, तेव्हा तासाभराच्या 'बंद'वरून काही ठरवू नका.

तिसऱ्या दिवशी मुंग्या पायातून निघून पोटाकडे आल्या आणि दुखणं परतलं. चाचणी फसली का? (एक वाचक, कोल्हापूर)

फसली नाही, बहुधा लीड सरकली. चाचणीत लीड पक्की गाडलेली नसते. वाकणं, पिळणं, हात डोक्यावर नेणं, दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलणं, यांतलं काहीही पुरतं. आपल्या घरांत नेमकी फसगत होते ती भारतीय शौचालयात उकिडवं बसताना, जमिनीवर पाटावर जेवायला बसताना आणि बादली उचलताना. आठवडाभर कमोड, खुर्ची आणि दुसऱ्याचे हात वापरा. स्नान नाही, अंग पुसून घ्या. स्टिम्युलेटर चालू असताना गाडी चालवू नका.

एक्स-रे काढून लीड किती खाली आली ते पाहतात. आठ बिंदूंपैकी वरचे बिंदू निवडून नवा प्रोग्राम लावला तर पुष्कळदा काम भागतं. फार सरकली असेल तर तो निकाल 'नापास' म्हणून लिहू नये.

एक फरक लक्षात असू द्या. आडवं झाल्यावर मुंग्या जोरात आणि उभं राहिल्यावर कमी, हे सरकणं नाही. पाठीवर झोपलं की मज्जारज्जू लीडच्या जवळ येतो. रिमोटवर जोर कमी-जास्त करून घ्या.

मात्र पायात नव्यानं अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा पाठीत असह्य दुखू लागलं, तर एपिड्यूरल पोकळीत रक्त साचल्याची शंका घेऊन त्याच तासाला रुग्णालयात जा. इथे सकाळपर्यंत थांबणं महाग पडतं. ताप, जखमेतून पू, किंवा बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर उतरणारी डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी कळवा.

आईला मधुमेहामुळे तळपायांची आग होते. हृदयात स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू आहे. चाचणी करता येईल? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

मधुमेही तळपायाच्या वेदनेसाठी दहा हजार हर्ट्झचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. २१६ रुग्ण, २०२१ मध्ये निकाल. तीन महिन्यांनी यंत्रगटात ७९ टक्क्यांची वेदना निम्म्यावर आली, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ५ टक्क्यांची. रुग्णांना आपण कोणत्या गटात आहोत हे ठाऊक होतं, एवढं ध्यानात घ्या. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) १० च्या वर असलेल्यांना त्यात घेतलं नव्हतं. साखर वाढलेली असताना कातडीतून तार बाहेर ठेवणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण.

अडचण क्लोपिडोग्रेलची जास्त आहे. लीड घालण्याच्या साधारण सात दिवस आधी ते बंद करावं लागतं, आणि लीड आत असेपर्यंत सुरू करता येत नाही, कारण लीड काढतानाही रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे सात दिवसांच्या चाचणीसाठी गोळी जवळपास पंधरा दिवस बंद. स्टेंट कधी बसवला यावर हे परवडतं की नाही ते ठरतं, आणि ते हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी द्यावं. गोळी स्वतःहून बंद करू नका. स्टेंट नवा असेल तर चाचणी पुढे ढकलावी, तळपायाची आग थांबून राहील.

चाचणी चांगली झाली. कायमचं यंत्र घेण्याआधी काय विचारावं? (एक वाचक, ठाणे)

बॅटरी चार्ज होणारी आहे का, आणि दहा हजार हर्ट्झवर ती किती दिवसांनी चार्ज करावी लागेल? न चार्ज होणारी काही वर्षांत संपते आणि बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते, तिचा खर्च आजच विचारा. लीड आणि बॅटरी दोन्ही एमआरआयला चालतात का, शरीराच्या कोणत्या भागाच्या? प्रोग्राम बदलायला कंपनीचा माणूस तुमच्या शहरात येतो की दर वेळी मुंबई गाठायची? विमा कंपनीची मंजुरी चाचणी आणि कायमचं यंत्र, दोन्हींसाठी वेगवेगळी आणि लेखी घ्या. चाचणी मंजूर झाली म्हणून पुढचंही होईल, असं गृहीत धरू नका.

यंत्र बसवल्यावर फिजिओथेरपी चालेल? (एक वाचक, मडगाव)

व्यायाम चालतो, डॉक्टर सांगतील तेव्हापासून. शॉर्टवेव्ह किंवा मायक्रोवेव्ह डायथर्मी, म्हणजे आत खोल उष्णता देणारं मशीन, कधीही नाही, यंत्र बंद असलं तरी नाही आणि शरीराच्या दुसऱ्या भागावरही नाही. ती ऊर्जा लीडमधून टोकाशी पोचून मज्जारज्जू भाजू शकते. फिजिओथेरपिस्टला आधी यंत्राचं कार्ड दाखवा.