वडिलांनी कार्डिॲक रिहॅब मध्येच सोडले आहे. त्यांना पुन्हा जायला कसे राजी करावे?

तुम्ही लिहिले आहे की अँजिओप्लास्टीनंतर तुमच्या ६३ वर्षांच्या वडिलांना आठवड्यातून तीनदा कार्डिॲक रिहॅबला, म्हणजे हृदयविकारानंतर देखरेखीखाली करायच्या व्यायामाच्या कार्यक्रमाला, बोलावले होते, पाच वेळा जाऊन त्यांनी ते बंद केले आणि कारण विचारल्यावर ‘मला आता काही होत नाही’ एवढेच उत्तर मिळते. मी पुण्यात गेली अकरा वर्षे हेच काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. समजावणे दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी ते नेमके कशामुळे थांबले ते शोधा, असे मी सुचवीन.

‘काही होत नाही’ हे खोटे नसते. मनगटातून स्टेंट (रोहिणी उघडी ठेवणारी जाळी) घालून माणूस दोन-तीन दिवसांत घरी येतो, छातीवर व्रण नसतो, दुखणे थांबलेले असते. मग रोहिणीतला एक अडथळा दूर झाला म्हणजे आजारच गेला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेवढ्याच कारणाने सोडणारे मी कमी पाहिले आहेत. कात्रजहून एक निवृत्त गृहस्थ येत असत. सहा सत्रांनंतर ते दिसेनासे झाले, फोन केला तर ‘एकदम फर्स्टक्लास आहे’ म्हणाले. पुढे त्यांच्या पत्नीकडून खरी गोष्ट कळली. मुलगा त्यांना गाडीने आमच्याकडे सोडून मग हिंजवडीला ऑफिसला जात असे, आणि एका सकाळी सिग्नलला थांबलेला असताना तो फोनवर वरिष्ठांना ‘सर, आजही उशीर होईल’ असे म्हणाला. मागच्या सीटवरून त्यांनी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना बरे वाटू लागले.

अशा माणसाला हृदयाचे चित्र दाखवून काय उपयोग? आम्ही त्यांना आठवड्यातून एकच दिवस, उन्हे वर आल्यावर बसला गर्दी नसते त्या वेळी बोलावले आणि उरलेले दिवस सोसायटीच्या आवारात चालायला सांगितले. एक वही दिली: तारीख, किती मिनिटे, किती कष्ट वाटले. दर गुरुवारी मी फोन करून ती वाचून घेत असे. मध्ये एका आठवड्यापुढे फक्त ‘सांगली, लग्न’ एवढेच लिहिलेले होते, तरी पुढचे पान पुन्हा भरलेले होते. डॉक्टरांनी धोका कमी असल्याचे सांगितलेल्या रुग्णांना देखरेखीखाली घरी केलेल्या कार्यक्रमाचा फायदा केंद्रातल्या कार्यक्रमाइतकाच होतो, असे अनेक चाचण्यांत दिसलेले आहे. त्यामुळे ‘केंद्रात नाही तर काहीच नाही’ असा हट्ट धरण्याचे कारण नाही.

पुण्यात आणखी एक उत्तर हमखास मिळते: ‘मी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जातोच की.’ जाणे उत्तमच, फक्त किती मिनिटे चालणे होते आणि किती वेळ बाकावर गप्पा होतात, ते एकदा सोबत जाऊन पाहावे. शिवाय बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडीचा वेग दबलेला राहतो, म्हणून मनगटावरच्या घड्याळातील आकडा फसवा ठरतो. आम्ही बोलून पाहायला सांगतो: चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये. ६ ते २० अशी बोर्ग यांची कष्टाची मोजपट्टी असते, त्यावर साधारण १२-१३ पर्यंत. हा अंदाज अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात आणि पाच सत्रांत तो सहसा येत नाही.

किती सत्रे पुरेशी, हे तुम्ही विचारलेच आहे. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेतील ३०,००० हून अधिक ज्येष्ठ रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ३६ सत्रे पूर्ण करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २४ करणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी आणि १२ करणाऱ्यांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी आढळला. जे मुळात धडधाकट तेच शेवटपर्यंत येतात, हा आक्षेप येथे रास्त आहे. भारतात २४ रुग्णालयांतील सुमारे ४,००० रुग्णांवर योगावर आधारलेल्या १३ सत्रांच्या रिहॅबची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. हृदयविकाराच्या पुढच्या घटनांत एकूण फरक निर्णायक ठरला नाही, पण रुग्णांचे जगणे सुधारले आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. तीन-चतुर्थांश सत्रे करणाऱ्यांत मात्र घटनाही कमी दिसल्या. म्हणून वडिलांना ‘नाही गेलात तर पुन्हा ॲटॅक येईल’ असे घाबरवू नका. जिना चढताना दम लागणार नाही, हे आश्वासन अधिक खरे आहे आणि ते त्यांना महिनाभरात स्वतः पडताळून पाहता येते.

खर्चाचेही विचारा. अनेक पॉलिसींत रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या अशा उपचारांचे पैसे मिळत नाहीत, आणि ‘फी परवडत नाही’ असे मुलांना सांगण्यापेक्षा ‘बरे वाटते’ म्हणणे वडिलांना सोपे जाते. आई घाबरत असतील तर त्यांना एका सत्राला सोबत न्या. घाम आलेला नवरा पाहून ‘बसा आता’ म्हणणाऱ्या पत्नीने दहा मिनिटे शेजारी उभे राहून पाहिले की पुष्कळ फरक पडतो.

केंद्राला फोन तुम्ही करण्याऐवजी वडिलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना करायला सांगता आले तर पाहा, कारण त्या पिढीवर मुलांपेक्षा डॉक्टरांच्या एका वाक्याचा प्रभाव अधिक असतो. मधल्या काळात छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी याच सुमारास परस्पर बंद केलेली नाही ना, तेही पाकीट उघडून मोजा. सत्र सोडणाऱ्यांत हे मी वारंवार पाहिले आहे. खंड पडला म्हणून केंद्रात कोणी रागावणार नाही. सहा मिनिटे चालण्याची चाचणी पुन्हा घेतील आणि वेग नव्याने ठरवून देतील.