कार्यक्रम तयार करायचा फॉर्म छोटा कसा करावा

प्रिय दोस्त,

आमंत्रणं पाठवणाऱ्या ॲपमधल्या या फॉर्मचा तुझा आराखडा नीट पाहिला. नाव, वर्णन, प्रकार, सुरुवात, शेवट, टाइमझोन, ठिकाण, कव्हर फोटो, जागांची मर्यादा, सहआयोजक, कोणाला दिसेल, कोण बोलावू शकेल, होकार कळवायची शेवटची तारीख आणि टॅग असे १४ रकाने आहेत. ते चार पानांत वाटून वर प्रगतीची पट्टी लावली आहेस. त्यामुळे फॉर्मची लांबी लपली, कमी झाली नाही. आयोजकाला आता रकाने भरायचेच, वर तीनदा ‘पुढे’ही दाबायचं. तिसऱ्या पानावर असताना फोन आला तर तो बहुधा परत येत नाही.

प्रत्येक रकान्याला दोन प्रश्न विचार. हे कळल्याशिवाय बोलावलेल्या माणसाला जायचं की नाही हे ठरवता येईल का? आणि इथे चूक झाली तर नंतर सुधारता येईल का? ठरवता येणार नसेल किंवा सुधारता येणार नसेल, तरच तो रकाना पहिल्या स्क्रीनवर ठेव. या चाळणीतून चारच उरतात: नाव, सुरुवातीची वेळ, ठिकाण आणि कोणाला दिसेल. बाकी सगळं कार्यक्रम तयार झाल्यावर त्याच्याच पानावर ‘फोटो जोडा’, ‘मर्यादा ठरवा’ अशा स्वरूपात येऊ दे. ‘प्रकार’ आणि ‘टॅग’ हे आयोजकाच्या नव्हे, ॲपच्या गरजेचे रकाने आहेत. ते काढूनच टाक.

‘कोणाला दिसेल’ हा रकाना कमी करायचा मोह होईल. तो करू नकोस. घरच्या पत्त्यासह बारशाचं आमंत्रण चुकून सार्वजनिक झालं आणि अनोळखी लोकांनी पाहिलं, तर ते पाहिलेलं पुसता येत नाही. म्हणून मुळात ‘फक्त ज्यांना लिंक पाठवली त्यांना’ हा पर्याय निवडलेला ठेव आणि सार्वजनिक करायचं असेल तर ते मुद्दाम निवडावं लागू दे. आमंत्रण ग्रुपमध्ये जाणार असेल तर बटणावर नुसतं ‘तयार करा’ नको; ‘तयार करा आणि ८४ जणांना कळवा’ असं लिही. दाबल्यावर काय होणार हे दाबण्याआधी दिसलं की वेगळी खात्री विचारणारी खिडकी लागत नाही.

सगळ्यात जास्त चुका वेळेच्या रकान्यात होतात, म्हणून तिथे सर्वाधिक वेळ दे. शेवटची वेळ साठवू नकोस, कालावधी साठव. आयोजकाने तारीख १४ वरून २१ केली आणि शेवट १४ लाच राहिला, की ‘शेवट सुरुवातीच्या आधी आहे’ असा लाल इशारा येतो. त्यात त्याची काहीच चूक नसते. न विचारता दोन तास धर, हवं त्याने बदलावं. तारखेसाठी आधी ‘आज’, ‘उद्या’, ‘शनिवार’, ‘रविवार’ ही तारखांसह चार बटणं दे, कॅलेंडर त्यांच्यामागे असू दे. ‘शनिवारी रात्री १२ ला निघायचं’ असं ट्रेकवाले म्हणतात तेव्हा त्यांना शनिवार-रविवारमधली रात्र अभिप्रेत असते, पण फोनच्या हिशेबात शनिवारचे १२ आदल्या रात्रीच वाजून गेलेले असतात. अख्खा गट एक दिवस चुकू शकतो. निवडलेली वेळ लगेच वाक्यात दाखव: ‘शनिवारी रात्र सरताना, म्हणजे रविवार सुरू होताच, १२:०० वाजता’. एएम-पीएमपेक्षा पहाटे ५, दुपारी ३, रात्री ९ असं वाचताना चूक पटकन लक्षात येते.

टाइमझोन कधीच विचारू नकोस. प्रत्यक्ष कार्यक्रमाचा टाइमझोन ठिकाणावरून काढ, ऑनलाइन असेल तर आयोजकाच्या फोनवरून, आणि पाहणाऱ्याला त्याच्या वेळेत दाखव. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसोबतचे ऑनलाइन कार्यक्रम इथेच फसतात. भारतात संध्याकाळचे ७:३० म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे १० आणि हिवाळ्यात ९, कारण तिथलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतं. दर आठवड्याची मालिका नुसती यूटीसीत (जगभराच्या सामायिक प्रमाणवेळेत) साठवलीस, तर न्यूयॉर्कच्या आयोजकाचा सकाळी ९ चा वर्ग नोव्हेंबरात आपोआप ८ ला जाईल. स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव दोन्ही साठव.

ठिकाणासाठी नकाशातला शोध दे, पण तो सक्तीचा करू नकोस. ‘मारुती मंदिरामागचा हॉल, पहिला मजला’ हे नकाशात सापडणार नाही, तरी येणाऱ्याला तेवढं पुरतं. लिहिलेला मजकूर जसाच्या तसा स्वीकार, पिन ऐच्छिक ठेव. ‘ठिकाण ठरायचं आहे’ हाही वैध पर्याय असू दे, नाहीतर लोक पुढे जाण्यासाठी तिथे काहीही टाकतात आणि पाहुणे भलतीकडे पोचतात.

नावाच्या लांबीची मर्यादा बाइटमध्ये (साठवणीच्या एककात) मोजू नकोस. ‘गणेशोत्सव’ वाचणाऱ्याला पाच अक्षरं, पण युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षरसंचात) ९ खुणा आणि यूटीएफ-८ मध्ये (त्या खुणा साठवायच्या पद्धतीत) २७ बाइट. बाइटवर कापलंस तर शेवटी चौकोन दिसतील, खुणांवर कापलंस तर एखादा हलन्त लोंबकळत राहील.

‘तयार करा’ दाबल्यावर नेटवर्क मंद असेल तर माणूस पुन्हा दाबतो आणि एकाच सत्यनारायणाची दोन आमंत्रणं जातात. फॉर्म उघडतानाच एक वेगळी ओळख-किल्ली (फक्त त्या फॉर्मचा असा क्रमांक) बनव, विनंतीसोबत ती पाठव. तीच किल्ली पुन्हा आली तर सर्व्हरने आधीचाच कार्यक्रम परत द्यावा. बटण निष्क्रिय करणं पुरेसं नाही, कारण ॲप बंद करून परत उघडलं की ते पुन्हा सक्रिय होतं. त्यासाठी मसुदा आणि किल्ली दोन्ही फोनवर, प्रत्येक रकाना भरताच साठव. संपर्कांची परवानगी ‘बोलवा’ दाबल्यावरच माग.

लिंक बहुतेक व्हॉट्सॲपवर जाणार. तिथला प्रीव्ह्यू (लिंकखाली दिसणारी झलक) पानाच्या मेटा टॅगमधून (कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या माहितीतून) बनतो, म्हणून ते टॅग सर्व्हरवरूनच भरून यायला हवेत. चित्र उतरलं नाही तरी समजावं म्हणून तारीख आणि वेळ शीर्षकातच घाल. ॲप नसलेल्यालाही लिंकवर वेळ दिसू दे. ठिकाणाचं मात्र भान ठेव: घरचा पूर्ण पत्ता होकार दिल्यावरच उघड व्हावा, तोवर नुसता परिसर पुरे.

नंतर वेळ किंवा ठिकाण बदललं तर सगळ्यांना कळव आणि होकार पुन्हा विचार. वर्णनातला शब्द सुधारला तर कोणालाही सूचना नको.

पुढचा आराखडा ३६० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर कीबोर्ड उघडा ठेवून काढ, कारण बटण नेमकं कीबोर्डखाली जातं. सोबत तीन आकडे पाठव: फॉर्म उघडणाऱ्यांपैकी किती जणांनी कार्यक्रम तयार केला, त्यांना मध्यक वेळ (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त लागतो तो) किती लागला, आणि किती कार्यक्रमांची वेळ किंवा ठिकाण पहिल्या २४ तासांत बदलावं लागलं. पहिले दोन सुधारून तिसरा वाढला असेल तर आपण चुकीचा रकाना काढला आहे. कोणता, ते बदलांच्या नोंदीतून शोधू.