भाडेकरूच्या कुत्र्या-मांजराला ‘हो’ म्हणताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

पुण्यातला फ्लॅट बघून गेलेल्या जोडप्याकडे एक लॅब्राडॉर आणि एक बोका आहे, म्हणून तू अडली आहेस. माझं मत विचारशील तर हो म्हण, पण त्या दोन्ही प्राण्यांना करारात घे. सरसकट ‘प्राणी चालणार नाहीत’ लिहिलं की लोक लपवून आणतात, आणि मग त्या प्राण्यानं केलेलं नुकसानही लपवलं जातं. खरा खर्च तिथून वाढतो.

सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले तर त्यांना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखव. बहुमताच्या ठरावानंही सोसायटीनं पाळीव प्राण्यांवर बंदी घालू नये, लिफ्टही नाकारू नये, असं त्या सांगतात. घरमालक म्हणून तुझी अट ही वेगळी गोष्ट आहे. ती तुझ्या करारातून ठरते.

सही करण्याआधी प्राण्यांना प्रत्यक्ष भेट. लसीकरणाचं पुस्तक माग आणि रेबीजच्या डोसची पुढची तारीख उलटून गेलेली नाही ना ते बघ. कुत्र्याचा महापालिकेचा परवाना माग. बोक्याची नसबंदी झाली आहे का, हे नक्की विचार. न झालेला बोका भिंतींवर, दारांवर मूत्राचे फवारे मारतो. नवरा-बायको कामाला गेल्यावर कुत्रा किती तास एकटा असतो, हेही विचार. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक त्याच वेळच्या भुंकण्याच्या असतात.

लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे भाडेकराराच्या, ‘इतर अटी’त लिही: ‘लायसन्सी (भाडेकरू) एक कुत्रा व एक बोका (नाव, जात, रंग) ठेवू शकेल. नवा प्राणी लेखी परवानगीशिवाय आणणार नाही. लसीकरण चालू ठेवील. प्राण्यामुळे झालेलं नुकसान, नेहमीची झीज वगळून, डिपॉझिटमधून बिल दाखवून वळतं होईल.’ ‘बिल दाखवून’ हे शब्द गाळू नकोस, भांडणं तिथेच होतात. डिपॉझिट थोडं वाढवायचं तर वाढव, पण सगळी रक्कम दस्तात दाखव. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्के व्याज धरून त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. वीस हजारांच्या वाढीला ११ महिन्यांचे जेमतेम पाच रुपये. तेवढ्यासाठी रक्कम बाहेर ठेवायचं कारण नाही.

नुकसान नेमकं कुठे होतं, ते नीट समजून घे. टाइल्सना फारसं काही होत नाही. मूत्र सांध्यांतून आणि स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या) फटीतून आत शिरतं. मांजराच्या मूत्रातला युरिक आम्लाचा अंश साध्या पाण्यानं निघत नाही, आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की वास परत येतो. त्यावर एन्झाइमचं क्लीनर लागतं. ब्लीच वापरू नकोस, मूत्रातल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो. अमोनिया असलेलं क्लीनरही नको; त्याच्या वासानं प्राणी पुन्हा तिथेच जातो. मार्बल असेल तर ॲसिड लांब ठेव, दगडाची चमक जाते. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा भराव) भरून घेतलंस तर निम्मी काळजी मिटेल. लॅमिनेट फ्लोअरिंग असेल तर मात्र दोनदा विचार कर, त्याच्या कडा फुगतात आणि ती फळी बदलावीच लागते.

मुख्य दाराला आतून खालचे तीन फूट पारदर्शक ॲक्रिलिक शीट लावून घे, नखांचे ओरखडे त्यावर राहतील. खिडक्यांना स्टीलची जाळी लाव. नायलॉनची जाळी मांजर फाडतं. बाल्कनीत कबुतरांची सैल जाळी असेल तर मांजर तिच्यावर चढतं आणि खाली पडू शकतं, तिथे ताणलेली मजबूत जाळीच हवी.

किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचा तारखेसह व्हिडिओ काढ आणि त्या जोडप्याला पाठव. पहिली पाहणी दोन महिन्यांनी, आदल्या दिवशी कळवून. शेवटची पाहणी, ते घर सोडताना, अंधारात, यूव्ही (अतिनील) टॉर्च घेऊन. वाळलेले मूत्राचे डाग त्यात चमकतात.

मुदतीच्या मध्येच ‘कुत्रा काढा’ असा हट्ट मात्र कधी धरू नकोस. घाईत घर शोधणारी माणसं प्राण्याला रस्त्यावर सोडतात, आणि असं बेवारस सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. काही बिनसलंच तर लेखी कळव, दुरुस्तीला पंधरा दिवस दे, आणि तरीही जमलं नाही तर पुढच्या ११ महिन्यांचा करार करू नकोस.